खांद्यावरचा भार : मिसर ते शखेम, इस्राएली नेतृत्वाची वाटचाल

मिसर देशात फारोची कोठारांची नगरे उभी राहत होती, पिथोम आणि रामसेस. चिखल तुडवून विटा थापणारे हात इस्राएली होते. रोजच्या विटांचा आकडा ठरलेला असे. एके दिवशी हुकूम सुटला की चिखलात मिसळायचा पेंढा यापुढे सरकार देणार नाही, मजुरांनी तो रानोमाळ हिंडून गोळा करावा. विटांचा आकडा मात्र तोच राहील. मिसरी मुकादमांनी इस्राएलींमधूनच काही नायक नेमले होते. आकडा भरला नाही की चाबूक त्या नायकांच्या पाठीवर पडू लागला. आपल्या माणसांवर तो भार ढकलण्याऐवजी त्यांनी मार सोसला, असे यहुदी परंपरा सांगते. आणि पुढे रानात मोशेच्या मदतीला जे ७० वडील निवडले गेले, ते याच नायकांतले होते असेही सांगते. या नेतृत्वाचा पाया म्हणून विटांच्या त्या चिखलातच शोधावा लागतो.

त्याही आधी दोन स्त्रियांची नावे नोंदवणे अगत्याचे आहे. शिफ्रा आणि पुवा या सुइणी. इब्री स्त्रियांना होणारे मुलगे जन्मताच मारावेत, हा फारोचा हुकूम त्यांनी पाळला नाही. निर्गम ग्रंथात फारोचे नाव दिलेले नाही, या दोघींची नावे मात्र जपून ठेवली आहेत.

हा सारा वृत्तांत निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद आणि यहोशवा या ग्रंथांतून आलेला आहे. मिसरच्या ज्ञात लेखांत इस्राएलींच्या मिसरमधून झालेल्या प्रस्थानाचा थेट उल्लेख नाही आणि त्याच्या काळाविषयी व स्वरूपाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. शलमोनाच्या मंदिराची पायाभरणी मिसर सोडल्यानंतर ४८० व्या वर्षी झाली, या नोंदीवरून काही जण इ.स.पू. पंधराव्या शतकाकडे जातात. पुष्कळ जण दुसऱ्या रामसेसचा काळ, म्हणजे इ.स.पू. तेरावे शतक धरतात. मेरनेप्ताह या फारोचा शिलालेख १८९६ मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांना थीब्झ येथे सापडला. इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या त्या लेखात कनानातील एक लोकसमूह म्हणून इस्राएलचे नाव कोरलेले आहे. पुढील हकिगत ग्रंथातल्या क्रमाने आणि ग्रंथातल्याच कालगणनेने दिली आहे.

मोशे होरेब पर्वताच्या परिसरात सासऱ्याची मेंढरे राखत असताना, इस्राएलींना मिसरमधून बाहेर काढण्यासाठी, त्याला देवाचे पाचारण झाले. त्याने ते लगेच स्वीकारले नाही. मी कोण, लोक विश्वास ठेवतील कशावरून, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाला तरी पाठव, अशा एकेक सबबी त्याने पुढे केल्या. त्याच्या बोलण्यातली उणीव भरून काढण्यासाठी थोरला भाऊ अहरोन सोबतीला आला. फारोसमोर उभे राहिले तेव्हा मोशे ८० वर्षांचा आणि अहरोन ८३ वर्षांचा होता. मिसरमध्ये परतल्यावर दोघांनी पहिले काम केले ते इस्राएलच्या वडील मंडळींना एकत्र बोलावण्याचे. आरंभीच वडिलांची सभा भरली, ही गोष्ट पुढच्या सगळ्या प्रवासाच्या दृष्टीने मोलाची ठरली.

पहिला अनुभव अपयशाचाच होता. फारोशी झालेल्या बोलण्यामुळे कष्ट वाढले, पेंढा बंद झाला तो यानंतरच, आणि मार खाल्लेल्या नायकांनी मोशे-अहरोनांना रस्त्यात गाठून तोंडावर दोष दिला. मोशेने तो ऐकून घेतला आणि तसाच देवापुढे मांडला. अनुयायांची तक्रार अंगावर घेण्याचा हा परिपाठ त्याने पुढे चाळीस वर्षे सोडला नाही.

मिसरवर आलेल्या दहा पीडांनंतर, पहिल्या महिन्याच्या १५ व्या दिवशी, रामसेसहून प्रस्थान झाले. मिसरमधल्या वास्तव्याला तेव्हा ४३० वर्षे झाली होती. पायी चालणारे पुरुष सुमारे ६ लाख असे ग्रंथ म्हणतो. ज्या मूळ शब्दाचा अर्थ 'हजार' होतो त्याचाच दुसरा अर्थ 'कुळ' असाही होतो, त्यामुळे या संख्येवर अभ्यासकांची चर्चा चालूच आहे. घाई इतकी होती की भिजवलेली कणीक आंबायलाही वेळ मिळाला नाही. बायाबापड्यांनी ती काथवटींसकट कापडात बांधून खांद्यावर घेतली. त्या गर्दीत आणखी एक ओझे होते. आपल्या अस्थी इथे ठेवू नका, असे वचन योसेफाने मरताना भाऊबंदांकडून घेतले होते. निघण्याच्या त्या धांदलीत मोशेने त्या अस्थी आठवणीने बरोबर घेतल्या.

कनानला जाणारा जवळचा रस्ता पलिष्ट्यांच्या मुलखातून जात होता. लढाई दिसताच लोक माघारी फिरतील हे ओळखून तो टाळला गेला आणि रानाची लांबची वाट धरली गेली. तांबडा समुद्र ओलांडल्यावर अहरोनाची बहीण मिर्याम हिने डफ हाती घेतला आणि तिच्यामागे सगळ्या स्त्रिया डफ वाजवत नाचत निघाल्या. मिर्यामेला ग्रंथ संदेष्ट्री म्हणतो. मोशे, अहरोन आणि मिर्याम या तिघा भावंडांना मीखा संदेष्ट्याने कित्येक शतकांनंतर एकत्रच स्मरले आहे, आणि ते योग्यच आहे.

पुढचे आठवडे पाणी आणि अन्नाच्या विवंचनेत गेले. मारा येथे पाणी कडू निघाले. एलीम येथे १२ झरे आणि ७० खजुरीची झाडे मिळाली. मग मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारे अन्न, पडू लागला. माणशी एक ओमर मोजून घ्यायचा, सहाव्या दिवशी दुप्पट, सातव्या दिवशी वेचायला जायचे नाही. ज्यांच्या दिवसाला काल-परवापर्यंत विटांचा आकडा बांधलेला होता, त्यांना आठवड्यातला एक दिवस हक्काच्या विश्रांतीचा मिळाला. या नेतृत्वाने बसवलेली ही पहिली घडी, आणि ती आजतागायत टिकून आहे.

रफीदीम येथे अमालेकांनी हल्ला केला. तिथे यहोशवाचे नाव पहिल्यांदा येते. लढाईचे नेतृत्व त्याच्याकडे होते. मोशे टेकडीवर हात उंचावून उभा होता. हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होई, ते खाली आले की अमालेकांची. हात भरून आले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याच्या बुडाखाली एक धोंडा आणून ठेवला, त्याला त्यावर बसवले आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत.

वाटचालीतला खरा टप्पा मात्र याच्या लगेच पुढे आहे, आणि तो एका परक्या माणसाने घडवून आणला. मोशेचा सासरा इथ्रो हा मिद्यानी याजक. मुलीला आणि नातवांना घेऊन तो छावणीत आला. दुसऱ्या दिवशी त्याने पाहिले की मोशे सकाळपासून न्यायनिवाडा करत बसला आहे आणि संध्याकाळपर्यंत लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे आहेत. इथ्रोने स्पष्ट सांगितले की हे बरे नव्हे, अशाने तू थकशील आणि लोकही थकतील. लाचेचा तिटकारा असणारी भरवशाची माणसे निवड. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर त्यांना नेम. मोठी प्रकरणे तेवढी तुझ्याकडे येऊ देत. मोशेने सल्ला जसाच्या तसा अमलात आणला. अनुवाद या ग्रंथात मोशे हीच हकिगत पुन्हा सांगतो, तेव्हा माणसे लोकांनीच निवडून दिली आणि आपण त्यांना नेमले, असे म्हणतो. ज्याच्या मुखातून पुढे साऱ्या राष्ट्राचा कायदा यायचा होता, त्याने सासऱ्याचा शब्द मानला आणि ग्रंथाने तो सल्ला त्याच्या नावासह नोंदवून ठेवला. श्रेय देण्यातली अशी उदारता प्राचीन वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी दिसते.

तिसऱ्या महिन्यात सिनाय पर्वताशी तळ पडला. दहा आज्ञा मिळाल्या, देवाशी करार झाला, बारा वंशांसाठी बारा स्तंभ उभारले गेले. आणि तिथेच सर्वांत मोठी पडझड झाली. मोशे चाळीस दिवस पर्वतावर राहिला, लोकांचा धीर सुटला आणि अहरोनाने त्यांच्या आग्रहाला बळी पडून सोन्याचे वासरू घडवले. ही नामुष्की ग्रंथाने लपवलेली नाही. पुढे ज्याच्या घराण्यात याजकपद गेले त्याच माणसाची ती चूक आहे. या लोकांचा नाश करून तुझ्यापासूनच नवे राष्ट्र करतो, असे मोशेपुढे मांडले गेले. त्याने ते नाकारले. लोकांना क्षमा नसेल तर तुझ्या वहीतून माझेही नाव पुसून टाक, असे तो म्हणाला. नेतृत्वाची कसोटी लागली ती त्या क्षणी.

त्यानंतरचे काम उभारणीचे होते. निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी, लोकांनी दिलेल्या वस्तूंची यादी वाचण्यासारखी आहे: सोने, रुपे, पितळ, निळे-जांभळे-किरमिजी सूत, बकऱ्याचे केस, बाभळीचे लाकूड, दिव्याचे तेल. स्त्रियांनी आपल्या हातांनी सूत कातले आणि आणून दिले. यहूदा वंशाचा बसालेल हा मुख्य कारागीर आणि दान वंशातला अहलियाब त्याचा जोडीदार. देणग्या इतक्या आल्या की रोज सकाळी येणारी भर पाहून कारागिरांनीच मोशेकडे जाऊन सांगितले, लागते त्यापेक्षा जास्त जमले आहे. मोशेने छावणीत दवंडी पिटवून देणग्या थांबवल्या.

मग हिशोब मांडला गेला. अहरोनाचा मुलगा इथामार याच्या देखरेखीखाली लेव्यांनी, म्हणजे लेवी वंशातल्या लोकांनी, तो केला. सोने २९ किक्कार ७३० शेकेल. पितळ ७० किक्कार २४०० शेकेल. रुपे १०० किक्कार १७७५ शेकेल. हे मोजलेल्या ६,०३,५५० पुरुषांकडून दरडोई अर्ध्या शेकेलप्रमाणे आलेले. एका किक्काराचे ३००० शेकेल धरून गुणाकार करून पाहिला तर रकमा शेकेलाला शेकेल जुळतात. रुप्याच्या १०० किक्कारांच्या १०० उथळ्या ओतल्या, एकेका उथळीला एक किक्कार. उरलेल्या १७७५ शेकेलांचे काय झाले? त्यांच्या खांबांच्या आकड्या केल्या आणि खांबांची बोंडे मढवली, अशी नोंद आहे. श्रीमंताने जास्त द्यायचे नाही, गरिबाने कमी द्यायचे नाही, असा या वर्गणीचा नियम होता. पर्वतावरून तोंडावर तेज घेऊन उतरलेल्या पुरुषाच्या कारकिर्दीत खांबाच्या आकडीपर्यंतचा जमाखर्च दिला गेला, याबद्दल त्या लोकांचा गौरवच केला पाहिजे. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी निवासमंडप उभा राहिला.

याच वर्षी छावणीची रचना ठरली. मध्यभागी निवासमंडप, भोवती लेवी, आणि चार दिशांना तीन-तीन वंश. चांदीचे दोन कर्णे घडवले गेले. एक वाजला तर वंशांचे सरदार जमायचे, दोन्ही वाजले तर सगळी मंडळी. मुक्काम हलवताना लेव्यांतल्या मरारीच्या कुळाकडे फळ्या आणि खांब, म्हणून त्यांना चार गाड्या व आठ बैल. गेर्षोनाच्या कुळाकडे पडदे, म्हणून दोन गाड्या व चार बैल. कहाथाच्या कुळाला गाडी दिली नाही. कराराचा कोश आणि पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरूनच न्यायच्या होत्या. दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या २० व्या दिवशी सिनायहून तळ हलला.

थोड्याच दिवसांत लोक मांसासाठी रडू लागले. काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण, मिसरमध्ये फुकट मिळणारी मासळी, सगळ्याची आठवण निघाली. या वेळी मोशे खचला. या सगळ्यांना मी जन्म दिला आहे काय, हा भार मला एकट्याला झेपत नाही, असे त्याने सांगून टाकले. तेव्हा ७० वडील निवडले गेले आणि त्याच्यावर असलेल्या आत्म्यातला वाटा त्यांना मिळाला. एल्दाद आणि मेदाद हे दोघे मंडपाशी न येता छावणीतच संदेश देऊ लागले. यहोशवाला ते खटकले, त्यांना थांबवावे असे तो म्हणाला. मोशेने मत्सराला जागा दिली नाही. सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरे, असे त्याचे उत्तर होते. मंदिराच्या काळातल्या यहुदी महासभेचे ७१ सभासद याच आधारावर मोजले जात, ७० वडील आणि एक मोशे.

भावंडांतही बेबनाव झाला. मिर्याम आणि अहरोन मोशेविरुद्ध बोलले आणि मिर्यामेला कोड फुटले. मोशेने तिच्यासाठी विनवणी केली. सात दिवस ती छावणीबाहेर राहिली आणि ती परत येईपर्यंत साऱ्या लोकांनी मुक्काम हलवला नाही.

कादेश-बर्ण्याहून बारा हेर कनान देश पाहायला गेले. चाळीस दिवसांनी ते परतले तेव्हा द्राक्षांचा एक घड दोघांनी काठीला अडकवून खांद्यावर आणला होता. जमीन उत्तम, माणसे धिप्पाड, याबाबत बाराही जणांचे एकमत होते. आपण जाऊ शकतो, असे म्हणणारे दोघेच निघाले, यहोशवा आणि कालेब. लोकांनी दहांचे ऐकले आणि दोघांवर दगड उचलले. त्या चाळीस दिवसांची रानातली चाळीस वर्षे झाली. कोरह, दाथान आणि अबीराम यांनी २५० सरदारांसह केलेला बंडावा याच पर्वातला. सगळीच मंडळी पवित्र असताना तुम्ही दोघे, मोशे आणि अहरोन, वर का, हा त्यांचा प्रश्न लोकांना पटेल असा होता, म्हणूनच ते बंड सर्वांत धोक्याचे ठरले.

कादेशपासून जेरेद ओढा ओलांडेपर्यंत ३८ वर्षे गेली. या वर्षांविषयी ग्रंथ जवळपास काही बोलत नाही. मुक्कामांच्या नावांची यादी तेवढी आहे. जुनी पिढी एकेक करून वाळूत विसावली आणि नवी पिढी मान्न्यावर वाढली. मिसर न पाहिलेल्या मुलांना मिसरची हकिगत सांगत राहणे, हेच या काळातले काम असावे.

चाळिसावे वर्ष वियोगाचे. मिर्याम कादेशला वारली. पाण्यावरून पुन्हा तंटा झाला, आणि खडकाशी बोलायचे सोडून मोशेने संतापाने त्याच्यावर दोनदा काठी मारली. पाणी आले, पण वचनदत्त देशात पाऊल टाकण्याचा हक्क मोशे आणि अहरोन दोघांनीही गमावला. पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी होर पर्वतावर अहरोन गेला, वय १२३. डोंगरावर मोशेने त्याची याजकाची वस्त्रे उतरवली आणि ती त्याचा मुलगा एलाजार याच्या अंगावर चढवली, मग अहरोनाने प्राण सोडला. छावणीने ३० दिवस शोक केला.

मवाबाच्या मैदानात पुन्हा गणती झाली, ६,०१,७३०. पहिल्या गणतीतले दोघेच उरले होते, कालेब आणि यहोशवा. याच सुमारास सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशे, याजक एलाजार आणि सर्व सरदारांसमोर उभ्या राहिल्या. वडिलांना मुलगा नाही म्हणून त्यांचे नाव कुळातून का जावे, आम्हाला वाटा द्या, अशी त्यांची मागणी होती. मोशेने आपल्या अधिकारात निकाल दिला नाही, प्रश्न वर नेला, आणि मुलींचे म्हणणे रास्त आहे असा निर्णय आला. तोच पुढे कायदा झाला.

उत्तराधिकाऱ्याचा प्रश्न मोशेने स्वतःहून काढला. मेंढपाळ नसलेल्या कळपासारखी लोकांची गत होऊ नये, एवढेच त्याचे मागणे होते. गेर्षोम आणि एलियेजर हे त्याचे दोन मुलगे. नेतृत्व त्यांच्याकडे गेले नाही. एफ्राईम वंशातल्या यहोशवावर त्याने सर्वांदेखत हात ठेवले. ११ व्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून त्याने नव्या पिढीला सारा कायदा पुन्हा समजावून सांगितला. मग नबो पर्वतावर चढून त्याने पलीकडचा देश डोळे भरून पाहिला. वय १२०, नजर शाबूत. त्याची कबर कोठे आहे हे कोणालाही माहीत नाही.

पहिल्या महिन्याच्या दहाव्या दिवशी यहोशवाने लोकांना यार्देन पार नेले. नदी सुगीच्या दिवसांत दुथडी भरून वाहत होती. कोश खांद्यावर घेतलेले याजक पात्राच्या मधोमध थांबले ते शेवटचा माणूस पलीकडे जाईपर्यंत. वंशाला एक याप्रमाणे बारा धोंडे पात्रातून उचलून गिलगाल येथे रचले गेले. त्या देशाचे धान्य खाल्ल्यावर मान्ना बंद झाला. पुढची वर्षे युद्धांची आहेत. त्या भूमीत आधीपासून लोक राहत होते आणि यरीहो, आय यांसारख्या नगरांचा संहार ग्रंथ आडपडदा न ठेवता सांगतो. आज तो भाग वाचताना मन जड होते. गिबोनकरांनी फसवून तह केला, तरी दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून सरदारांनी लोकांची कुरकुर सोसून तो पाळला, हेही त्याच पानांत आहे.

जमिनीची वाटणी शिलो येथे पुरी झाली. उरलेल्या सात वंशांसाठी प्रत्येकी तीन माणसे देशभर पाठवून गावांची नोंद वहीत करून आणली गेली आणि मग चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. ८५ वर्षांच्या कालेबाने हेब्रोनचा डोंगराळ मुलूख मागून घेतला. लेव्यांना ४८ नगरे मिळाली. यहोशवाने आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी घेतला, तिम्नाथ-सेरह. वृद्धापकाळी शखेम येथे त्याने सर्व वंशांना बोलावले आणि कोणाची सेवा करायची ते आजच ठरवा असे सांगितले. लोकांचा होकार त्याने ग्रंथात लिहिला आणि एला वृक्षाखाली साक्षीचा धोंडा उभा केला. तो ११० व्या वर्षी वारला. त्याने कोणाला मागे नेमले नाही. पुढची धुरा वडिलांनी आणि मग शास्त्यांनी वाहिली. योसेफाच्या अस्थी शखेमलाच पुरल्या गेल्या, याकोबाने पूर्वी विकत घेतलेल्या शेतात. मिसरहून निघालेले ते ओझे खांद्यावरून उतरले.

या नेतृत्वाची आठवण पुढे दर आठवड्याच्या वाचनात राहिली. मोशेचे पाच ग्रंथ सभास्थानांत वर्षभरात वाचून पुरे होतात. शेवटचा भाग मोशेच्या मृत्यूचा असतो, आणि तो संपताच लगेच पहिल्या ओळीपासून पुन्हा आरंभ होतो. यहुदी लोक त्याला राजा म्हणत नाहीत, मोशे रब्बेनू म्हणतात, आमचा गुरू. मिसरमधल्या सुटकेच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या हग्गादात मात्र त्याचे नाव जेमतेम एकदा, ओझरते येते.

ही हकिगत आपल्या मुलखातही पुष्कळ काळापासून सांगितली जाते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात शनवार तेली या नावाने ओळखले गेलेले बेने इस्राएल यहुदी ती जपत आले. सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत १७९६ मध्ये सभास्थान बांधले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचली. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत खपून मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, त्यातही ही सारी वाट आहे. हिब्रू व मराठी हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघाला आणि १८७४ मध्ये पुण्याला सचित्र निघाला. पुण्याच्या त्या प्रतीतल्या चित्रांत वल्हांडणाची तयारी चालली आहे. आपल्याकडच्या पेहरावातल्या बाया जमिनीवर मांडी घालून बसल्या आहेत आणि बेखमीर भाकरीची कणीक, आंबायच्या आत, हातासरशी थापत आहेत.